सावरीची गादी

आमच्या वन्सं अंथरुणातून कशा उठत, ते मी डोळे मिटूनही सांगू शकेन. आधी डाव्या कुशीवर वळायचं. मग डावं कोपर गादीत रोवून त्यावर सगळा भार टाकायचा आणि खांदा वर आणायचा. उजव्या हातानं खिडकीचा गज धरायचा. एक गुडघा, मग दुसरा, मध्ये एकदा "अंबरेश्वरा" म्हणायचं आणि उभं राहायचं. हा सोहळा रोज पहाटे चालायचा आणि त्यात कुणी लुडबुड केलेली त्यांना खपत नसे. लग्न होऊन आले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी मोठ्या उत्साहानं हात पुढे केला, तर म्हणाल्या, "हात राहू दे, सुनंदा. मला उठवायला माणूस लागायला लागलं, की मी या घरावर ओझं झाले. तोवर मी घरातलीच आहे."

वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण अंजनी. अंबरनाथला शिवमंदिराच्या वाटेवर दोन खोल्या होत्या, त्यांत आम्ही तिघं राहत असू. आमचे हे, दिनानाथ, कारखान्यात स्टोअर्सचे कारकून. आईवडील लवकर गेले. ह्यांना वन्संनीच वाढवलं, शिकवलं आणि शेवटी माझ्या पदरात घातलं. विहिरीचं पाणी, चूल, ह्यांचा पहिल्या पाळीचा डबा, सगळं त्यांच्याकडे. मी आले तरी त्यांनी त्यातलं काही सोडलं नाही, आणि मीही फार आग्रह केला नाही. आळशी माणसाला कामसू नणंद मिळणं हे पूर्वजन्मीचं पुण्य, असं मी माझ्या आईला कळवलं होतं.

त्या अंगानं फार मोठ्या होत्या. किती, ते कुणी मोजलं नव्हतं. विहिरीवरच्या बायका पाठीमागे काय म्हणत ते मला कळे आणि त्यांनाही कळे. खाण्याचं म्हणाल तर माझ्या निम्म्यानं खात. कसलासा दोष लहानपणापासून अंगात होता. पण जाड माणूस खाऊनच जाड होतो, हे लोकांनी ठरवून टाकलेलं असतं. त्यापुढे कुणाचं काय चालणार?

याच अंगापायी त्यांचं लग्न मोडलं. सतराव्या वर्षी जमलं होतं. घर तेव्हा बदलापूरला होतं. आईनं चामटोलीच्या बाजूला सावरीच्या झाडांखाली दोन उन्हाळे बोंडं वेचली, घरी बसून सरक्या काढल्या आणि लेकीच्या लग्नासाठी सावरीच्या कापसाची गादी भरून घेतली. मग मुलाकडची माणसं पुन्हा एकदा येऊन मुलगी बघून गेली आणि निरोप आला की योग नाही. दोन वर्षांनी ती गादी धाकट्या बहिणीबरोबर तिच्या सासरी गेली. हे तेव्हा नऊ-दहा वर्षांचे. गादी बैलगाडीत चढवायला खालून हात अंजूताईनंच लावला होता, हे ह्यांनी मला निदान वीस वेळा सांगितलं असेल. 

वन्संच्या वाट्याला घरातली जुनी गादी आली. तिच्यातला साधा कापूस वीस वर्षं दबून दबून असा घट्ट झाला होता, की तिला गादी म्हणायचं ते केवळ मानापुरतं. मी एकदा त्यावर दुपारची आडवी झाले, तर पाठ धरली. वन्सं मात्र त्यावर कशा ऐसपैस निजत. हे म्हणायचे, "पाटावर झोपते माझी बहीण." मनाला फार लागायचं ह्यांच्या.

त्रेपन्न साली ह्यांना बढती मिळाली. पहिली गोष्ट काय केली असेल, तर मला म्हणाले, "चल, कॅम्पात जाऊ. ताईला सावरीची गादी करायची."

उल्हासनगरला निर्वासितांच्या पाच नंबर कॅम्पात बराकींच्या रांगेत होतचंद नावाच्या सिंध्याचं गाद्यांचं दुकान होतं. दुकान कसलं, बराकीचा पुढचा भाग पोतं लावून निराळा केलेला. मागे पिंजण चालू होती आणि होतचंदच्या भुवयांवरसुद्धा कापूस बसला होता. ह्यांनी सावरीची गादी सांगितली. चांगली जाड, दुप्पट भरून. त्यानं विचारलं, "सोनेवाला कौन है, साईं?"

"माझी बहीण."

"वजन कितना होगा?"

ह्यांचा चेहरा मी पाहिला. लालबुंद. "बहीण आहे माझी," हे म्हणाले, "ज्वारीचं पोतं नाही."

होतचंद जरा गडबडला, पण धंद्याचा माणूस, सोडतो कशाला? त्यानं सावरीची एक तयार गादी ओढली, शेजारी एक काथ्याची ठेवली, वर कापसाचा घट्ट थर आणि बोटाबोटावर टाके घातलेली. म्हणाला, "गुस्सा मत करो. इधर कोहनी रखो. पूरा वजन डालो." ह्यांनी ठेवलं नाही, म्हणून त्यानंच आपलं कोपर सावरीच्या गादीवर दाबलं. कोपर सरळ खालच्या फळीला लागलं. मग काथ्याच्या गादीवर दाबलं. ते वरच राहिलं. "देखा? हलके आदमी को सावरी राजा है. भारी आदमी उसमें डूबता है, उठ नहीं सकता. मेरी माँ भारी थी, साईं. मैं जानता हूँ. और पुरानी गद्दी है ना? उसको फेंकना मत. जुनी गादी हाडं ओळखते."

शेवटचं वाक्य त्यानं मुद्दाम मराठीत म्हटलं, आम्हांला पटावं म्हणून. मला पटलं. वन्संचं ते पहाटेचं कोपर माझ्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. पण चार लोकांत नवऱ्याला खोटं पाडायचं नाही, हे आईनं मला कणीक मळायच्या आधी शिकवलं होतं. मी पदर सारखा केला.

वाटेत मात्र मी म्हणाले, "तो म्हणतो त्यात तथ्य असेल हो."

"तथ्य?" हे म्हणाले. "काथ्या पडून राहिलाय त्याचा, तो आपल्या गळ्यात मारायचाय. हे लोक आले तेव्हापासून बघतोय मी. मऊ मागायला गेलो तर हा मला काथ्या दाखवतो. ताईनं जन्मभर टणक गादीवरच झोपायचं का?"

 ज्या माणसाचं घरदार गेलं, आई गेली, तो आपल्या आईवरून शहाणपण सांगत होता, तर आमच्या कारकुनीनं त्याला लबाड ठरवलं. सावरीची गादी ह्यांनी कल्याणहून करवून आणली. तिथं कुणी वजन विचारलं नाही.

गादी आली त्या दिवशी वन्संनी तिच्यावर नुसता हात फिरवला आणि बराच वेळ फिरवत राहिल्या. "आईच्यासारखीच भरलीय रे दिनू," म्हणाल्या. ह्यांच्या डोळ्यांत पाणी, माझ्या डोळ्यांत पाणी. जुनी गादी ह्यांनी दूध घालणाऱ्या महिपतीला तिथल्या तिथे देऊन टाकली. चामटोलीला गेली ती.

दुसऱ्या दिवशी पहाटे मला हाक आली नाही, पण काहीतरी घासल्याचा आवाज येत राहिला, म्हणून मी बघायला गेले. वन्सं डाव्या कुशीवर होत्या. कोपर रोवत होत्या, आणि कोपर खाली खाली जात होतं. खांदा वर येईना. गजापर्यंत हात पोचेना. किती वेळ चाललं होतं कोण जाणे, पोलकं घामानं चिंब झालं होतं. मी काखेत हात घातला. त्यांनी मला घालू दिला. तेव्हाच मी काय ते समजले.

उभ्या राहिल्यावर माझं मनगट धरून म्हणाल्या, "दिनूला कळता कामा नये. शपथ आहे तुला."

"अहो, पण वन्सं, खाली घोंगडीवर निजा."

"रोज रात्री तो स्वतः अंथरतो गं. त्याला काय सांगू? तुझी माया मला रुतते म्हणून?"

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं म्हणतात. इथं तर मारुतीला शेंदूर फासून रोज पूजाही चालली होती. सकाळी डबा घेताना हे विचारायचे, "ताई, झोप लागली?" आणि त्या हसून म्हणायच्या, "लागली रे. लग्नाच्या गादीवर नाही लागायची तर कुठं?" तोंड दाबून बुक्क्यांचा मार. मला राग यायचा. ह्यांचा यायचा, वन्संचा यायचा आणि सगळ्यांत जास्त माझा.

महिनाभरानं मी कुणाला न सांगता चामटोलीला जाऊन आले. महिपती गोठ्यातच होता. जुनी गादी परत दे म्हटल्यावर डोकं खाजवत राहिला. "वैनी, ती तं म्हशीखाली टाकलेली. व्याली ना परवा. आता काय ऱ्हायलंय तिच्यात?" गोठ्याच्या कोपऱ्यात ती पडली होती, शेणात भिजलेली, फाटून कापूस बाहेर आलेला. वीस वर्षांची बैठक चार आठवड्यांत मोडली. मी तशीच परत आले.

पुढे मला दिवस गेले. तरी सातव्या महिन्यापर्यंत मी पहाटे वन्संना उठवत होते. मग त्यांनीच हात लावू देणं बंद केलं. भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपायला लागल्या, म्हणजे उठताना गज हाताशी यावा. पाय सुजले. मी बाळंतपणाला माहेरी निघाले तेव्हा म्हटलं, "आता तरी ह्यांना सांगा." म्हणाल्या, "सांगते, तू नीघ." त्या सांगणार नाहीत हे मला ठाऊक होतं. शपथ मोडून मी एक वाक्य बोलले असते तर काय जीभ झडणार होती? पण टांगा दारात उभा होता, पोटात पोर होतं आणि मला माझ्या आईकडे जायचं होतं. मी गेले.

पुढचं मी ऐकलेलं आहे. मी गेल्यावर दहाव्या दिवशी हे पहाटे उठले, तर वन्सं अंथरुणातच. "आज जरा पडते रे, डबा तुझा तू भर," म्हणाल्या. ह्यांना बरंच वाटलं. ताई जन्मात पहिल्यांदा आराम करतेय, गादीचं चीज झालं, असं म्हणत हे पाळीला गेले. वन्संनी दुपारपर्यंत उठायचा खटाटोप केला. शेवटी जोर करून कडेला सरकल्या, गज धरून अर्ध्या उठल्या, तोच कोपर बुडालं आणि हात सुटून त्या गादी आणि भिंत यांच्यामध्ये पाय मुडपून पडल्या. त्या दिवशी नेमकं जादा काम निघालं; हे घरी आले तेव्हा दिवेलागण झाली होती. शेजारच्या तिघांना बोलवावं लागलं. खुब्याचं हाड मोडलं होतं. डॉक्टर म्हणाले, हाड कदाचित जुळेल, पण बाई पुन्हा उभ्या राहणार नाहीत.

ह्यांना तेव्हा सगळं कळलं. कुणी सांगितलं नाही. गादीच्या डाव्या बाजूला कोपराचा खड्डा पडला होता. तो पाहूनच कळलं.

मी तीन महिन्यांची पोर घेऊन परत आले, तर वन्सं मला ओळखू येईनात. गाल बसले होते, दंडाची कातडी लोंबत होती. मुलीला मांडीवर मागितलं आणि मांडी घालता येईना म्हणून उशाशी ठेवून घेतलं. जेवायला वाढलं की दोन घास खाऊन ताट सरकवायच्या. मी रागावले. तर हळूच म्हणाल्या, "खाल्लं की दिनूलाच उचलावं लागतं गं." इतकी वर्षं लोक बोलून बोलून जे झालं नाही, ते त्यांनी आता भावासाठी करायला घेतलं होतं. मी परातीतलं पीठ तसंच टाकून मोरीत जाऊन रडले.

पाठीला जखमा व्हायला लागल्या तेव्हा हे मला म्हणाले, "चल, कॅम्पात." पुन्हा तीच बराक, तेच पोतं. होतचंदनं आम्हांला ओळखलं. पोतं बाजूला सारून आत बोलावलं. हे दारातच उभे राहिले. "ती काथ्याची," हे म्हणाले. "तुम्ही दाखवली होतीत ती. तशी करून द्या."

"बहन के लिए?"

"हो."

 मग खाली बघत, फार सांभाळून त्यानं विचारलं, "वजन कितना होगा, साईं?"

ह्या खेपेला हे चिडले नाहीत. म्हणाले, "आता मी एकटा उचलतो तिला."

होतचंदनं हातातली दोरी गुंडाळून खिळ्याला अडकवली. त्याच्या भुवयांवर तसाच कापूस होता. "तो फिर रहने दो," तो म्हणाला. "अब उसको सावरी ही ठीक है. अब काथ्या चुभेगा."

आम्ही रिकाम्या हातांनी परत आलो.  घरी आल्यावर वन्संनी मान वळवून विचारलं, "कुठं गेला होतात रे दोघं?"

"कॅम्पात," हे म्हणाले. "गादीवाल्याकडे."

"काय म्हणाला?"

हे त्यांच्या उशाशी बसले आणि गादीवर हात फिरवत राहिले. "म्हणाला, तुझ्या बहिणीला हीच गादी चांगली."

"मग? मी काय सांगत होते?" वन्सं म्हणाल्या. "उगीच हेलपाटा घातलात उन्हातनं."