साडूभाऊंच्या गच्चीवरचा कौल

आमच्या साडूभाऊंइतका स्वित्झर्लंडच्या डोंगरात मुरलेला माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि तेही सोलापूरच्या पुढं पाऊल न टाकता! धारूरच्या शाळेत त्यांनी जन्मभर इतिहास शिकवला. पण तास शिवकाळाचा असो की निजामाचा, गाडी घसरायची ती मध्ययुगातल्या त्या आल्प्सवाल्या गुराख्यांवरच. तिथं म्हणे दऱ्याखोऱ्यातली माणसं जहागीरदारांना न जुमानता उघड्या कुरणावर जमायची आणि हात वर करून आपला कारभार आपणच ठरवायची. "छताखाली ठरलेलं खरं न्हाई," हा साडूभाऊंचा दंडक. त्यामुळे घरातला प्रत्येक निर्णय गच्चीवर. भर मे महिन्यात डोकी तापवत संध्याकाळच्या भाजीवर मतदान! पाहुण्यांना मत नाही. साडूभाऊ दरवेळी वांग्यासाठी हात वर करणार, दरवेळी हरणार आणि दोडका निमूट, वर पुन्हा मागून खाणार. माझ्या ताटात जास्तीचा गुलाबजाम पडला की लगेच बोट रोखायचे, "हिवाळ्यात पोसवतील तितकीच गुरं उन्हाळ्यात डोंगरावर सोडायची, आसा नेम व्हता त्यांचा. पोटाला इचारलं का?"

गेल्या वर्षी त्यांचा मुलगा आणि सून पुण्याहून आले, ते घर विकून आई-वडिलांना कायमचं न्यायलाच. साडूभाऊंचा सगळा जीव त्या घरात आणि समोरच्या बालाघाटाच्या डोंगरात. पण रिवाज म्हणजे रिवाज, विषय गच्चीवर गेला. मुलाचा हात वर, सुनेचा वर. आक्का, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, दुखरे गुडघे धरत, जिन्यात बसत-उठत वर आली. नवऱ्याकडं न बघता तिनंही हात वर केला. साडूभाऊ एकटे पडले.

मला राहवेना. "अहो, घर तुमच्या नावावर हाय. न्हाई म्हणा की सरळ!"

"म्हंजी आता मीच जहागीरदार व्हऊ का?" ते माझ्यावर खेकसले. मग आक्काकडं वळून हळूच म्हणाले, "लई दुखतंय का गं? उतरताना मला धर."

आता ते पुण्यात असतात. आक्काच्या गुडघ्यांवर इलाज झाला. फोनवर साडूभाऊ डोंगराची चौकशी अशी करतात, जणू घरातलंच कुणी मागं राहिलंय. परवा न राहवून म्हटलं, "या की चार दिवस आमच्याकडं. डोंगर तरी बघून जा."

"नगं बे," ते म्हणाले. "आलो तर परत जाववायचं न्हाई मला. मंग हिनं वर केलेल्या हाताचं काय?"

एवढं बोलून त्यांनी फोन ठेवायची घाई केली. आक्का हल्ली बागेपर्यंत चालत जाते, आणि ती चप्पल घालून दारात त्यांची वाट बघत उभी होती म्हणे.