पुस्तकातली बाई आणि मालिकेतली बाई

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. पुढं इंग्रजीत एमए करायला तामलवाडीहून धाराशिवला एसटीनं जाऊ लागले. हे सांगताना मला संकोच वाटत नाही. सेमिनारसाठी मी एक इंग्रज लेखक घेतला होता. कादंबऱ्या त्याच्या, आणि त्यांवरच्या सिनेमा-मालिकांच्या पटकथाही त्यानंच लिहिलेल्या.

त्या उन्हाळ्यात आत्या सासरहून निघून आली होती. मारहाण नव्हती, पण त्या घरात तिच्याशी कुणी धड बोलायचंच नाही. आमच्याकडं मात्र 'विसाव्याला आलीय' असंच म्हणायचे. रविवारी सासरचे तिला न्यायला येणार होते. ओटीचा खण-नारळ आईनं देवळीत आणून ठेवला होता. एकदा ओटी पदरात पडली की मग निघायचंच.

दुपारी आम्ही बियाण्याच्या शेंगा फोडत बसायचो. मी मोबाईलवर त्या लेखकाची एक मालिका बघायची आणि दोघींना मराठीत सांगायची. एका दुकानदाराची बायको घर सोडून बहिणीकडं जाते, अशी गोष्ट.

"त्यांच्यातबी न्यायला येतेत का गं?" आईनं विचारलं.

"येतो की. नवराच येतो, मोटारीनं."

"नशीबवान हाय," आत्या म्हणाली. "आमचे फटफटीवर येतेत."

शेवटच्या भागात ती बाई परत जाते. आई म्हणाली, "बरं झालं." आत्या दाणे आणि टरफलं एकाच सुपात टाकत राहिली.

मग मी पुस्तकाची शेवटची पानं वाचली. तिथं ती जातच नाही. मोटार रिकामी परत फिरते. सेमिनारला चांगला मुद्दा मिळाला म्हणून खुशीत मी दोघींना सांगितलं.

आत्याचे हात थांबले. "दोनी एकाच मानसानं लिवलंय व्हय?"

"एकाच."

"आदी कुठलं?"

"पुस्तक."

"मग मालिकेत कशापायी धाडली तिला?"

सरांनी शिकवलेलं मी सांगितलं. पुस्तक लिहिताना तो एकटा असतो. मालिका घरोघरी बघतात, मग सगळ्यांचं मन राखावं लागतं.

"म्हंजे लोकांसाठी धाडली."

"वन्सं, गोष्ट हाय ती," आई घाईनं म्हणाली.

"व्हय की वैनी. म्या कुठं काय म्हनले?"

सेमिनारमध्ये मी माध्यम बदललं की शेवट कसा बदलतो ते मांडलं. सर खूश झाले. पण दुसरा शेवट लिहिताना त्या लेखकाला काय वाटलं असेल, ते मला अजून कळलेलं नाही. कदाचित मनापासूनही लिहिला असेल. माणूस दोन्हीकडून विचार करतोच.

रविवारी पाहुणे आले. चहा झाला. आईनं पाट मांडला, ओटीचं ताट आणलं. आत्या पाटावर बसली नाही. पुढं करायचा तो पदर तिनं कमरेला खोचला, ताटातला नारळ उचलला आणि दारातल्या दगडावर फोडला.

"वैनी, खोबरं वाटनाला घ्या. पावन्यांस्नी जेवल्याबिगर सोडायचं न्हाय."

आईनं माझ्याकडं बघितलं. मी विळी आणायला उठले.