चिंधी बांधलेला दोडका

बातमी मला खामगावात कळली. धाकट्या बहिणीच्या मुलाचं बारसं होतं म्हणून आम्ही दोघंही घराला कुलूप लावून गेलो होतो. मी ओसरीवर घुगऱ्यांसाठी हरभरे निवडत बसले होते, तेवढ्यात आमच्या वडनेरचे शिंपीकाका दारात येऊन उभे राहिले. ते खरं तर अस्तराचं कापड घ्यायला खामगावला आले होते, पण गावचं माणूस परगावी भेटलं की आधी गावची बातमी सांगतं. "मास्तरीणबाई, तुमची शेजारीण गेली... कौतिकामाय. काल माती झाली." माझ्या तोंडून काय निघावं? "त्यांनी जाताना काही मागितलं का हो?" शिंपीकाका बिचारे माझ्याकडे पाहतच राहिले. त्यांना काय ठाऊक असणार! पण मला ठाऊक होतं. कौतिकामायनं काही मागितलं असेल तर आपला चाकूच मागितला असेल, आणि तो चाकू माझ्या कुलूपबंद घरात, फळीवरच्या चहाच्या डब्यात होता.

महाराष्ट्र नुकताच झाला होता, तेव्हा मास्तरांची बदली वडनेरच्या शाळेत झाली आणि आमचं बिऱ्हाड कौतिकामायच्या घराशेजारी पडलं. दोन परसांच्या मधे कपाशीच्या पऱ्हाट्यांचं कूड, त्यावर वालाचा वेल. माझं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. मलकापूरला वाढलेली मी, भाजी बाजारातून आणायची एवढंच मला माहीत. पहिल्याच आठवड्यात कुडापलीकडून हाक आली, "ये वं, वांगे घेऊन जाय." गेले. मोठ्या हौशीनं एक वांगं धरलं आणि ओढलं, तर वांगं आलंच, पण त्याच्याबरोबर हातभर फांदीही आली. म्हातारी कमरेवर हात ठेवून उभी. "काऊन वं? तुह्या वेनीले धरून असं ओढलं त चालंन का तुले?" मी लाजेनं अर्धी झाले. मग तिनं कमरेला खोचलेला चाकू काढला, नखानं पातं उघडलं, देठ बोटभर ठेवून दुसरं वांगं अलगद कापलं आणि माझ्या ओंजळीत ठेवलं. ही आमची ओळख. तेव्हा ती काही म्हातारी नव्हती खरं तर. मला वाटायची एवढंच. विशीतल्या पोरीला पन्नाशीची बाई म्हातारीच वाटते.

तो चाकू तिच्या नवऱ्याचा. घडीचा, शिंगाच्या मुठीचा, खिशात ठेवायचा. नवरा त्यानं सुपारी कातरायचा म्हणे. तो गेल्यावर चाकू तिच्या कमरेला आला आणि सुपारीचा भाजीचा झाला. त्या घराची रीतच होती, परसातलं काहीही हातानं तोडायचं नाही. भेंडी असो, कारलं असो, अंबाडीची दोन पानं का असेनात, चाकूनंच कापायची. तिच्या मुलाच्या, श्रीरामच्या खिशात एक चाकू असायचा आणि सून मंदा आली तेव्हा पहिल्या संक्रांतीला तिला वाणात बांगड्यांबरोबर चाकूही मिळाला. गावात यावर लोक हसायचे. तिला पर्वा नव्हती. ते पाहून मास्तरांनीही नांदुऱ्याच्या बाजारातून माझ्यासाठी एक चाकू आणला. कौतिकामायनं तो उघडून अंगठा लावून पाहिला आणि गंभीरपणे म्हणाली, "मास्तराले सांग, पेन्सिली चांगल्या होतीन यानं." पुढं कितीतरी दिवस मास्तर त्या कुडाकडे फिरकले नाहीत.

रोज सकाळी दव उडालं की ती परसात उतरायची. वेलाशी काहीतरी पुटपुटायची, कापायची, टोपल्यात ठेवायची. सगळं झालं की पातं पदराला पुसायची आणि चाकू मिटवायची... कट्ट. तो आवाज कुडापलीकडे मला स्वच्छ ऐकू यायचा. आमच्या घरी घड्याळ होतं, पण ते मास्तरांचं. माझं घड्याळ म्हणजे तो आवाज. तो झाला की मी चुलीवर तवा टाकायची, कारण आता कुडावरून काहीतरी येणार हे ठरलेलं. मंदाही आतून सासूला ओरडून सांगायची, "आत्याबाई, टोपलं आना इकडं!" असं वर्षानुवर्षं चाललं.

या सगळ्यात तिचा जीव होता तो दोडक्यात. रोहिणखेडचा, तिच्या माहेरचा दोडका. आखूड, जाड आणि शिरा अशा खोल की सोलणारी कंटाळावी. पण शिजला की गूळ घातला असं वाटावं. लग्नात पदराला बी बांधून आणलं होतं आणि तेव्हापासून दरसाल लावत आली होती. वेलावरचा पहिला चांगला दोडका ती कधी कापायची नाही. आपल्या जुन्या लुगड्याची चिंधी फाडून त्याच्या देठाला बांधायची. चिंधी बांधली की तो दोडका बियाचा. मग त्याला घरातल्या कोणाचाही चाकू लागायचा नाही, पाहुण्याचाही नाही. तो वेलावरच पिकायचा, वाळायचा, हलवला की खुळखुळायचा आणि मग चिंधीसकट चुलीवरच्या आढ्याला टांगला जायचा. पुढच्या पावसाळ्यात त्याच्यातलंच बी. एकदा श्रीरामनं लग्नानंतर मंदाला कौतुकानं तो चिंधीचा कोवळा दोडका कापून द्यायला हात पुढं केला, तर कौतिकामायनं त्याच्या मनगटावर टोपलं मारलं होतं. नवी नवरी समोर, पण तिनं मुलाची गय केली नाही. तिनं बी पूर्वी मागेल त्याला दिलं. पण लोक दुकानातून पुडे आणायला लागले, त्यांचे लांबलचक दोडके पाहून खूश झाले आणि हा दोडका हळूहळू फक्त तिच्याच मांडवावर उरला. आम्ही तरी कुठं लावला? आम्हाला तयार दोडका मिळत होता, बी घेऊन काय करायचं होतं...

तिचं विसरणं कधी सुरू झालं, नेमकं सांगता येणार नाही. मला वाटतं, चाकू न पुसताच मिटवायला लागली तेव्हा. मग एक दिवस माझ्या हातात तिनं करंगळीएवढी कारली ठेवली, फूलही न गळालेली. मी हसून म्हटलं, "माय, यायले काहून कापलं? लहान लेकरं हायत हे." तीही हसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पाहता पाहता मांडव रिकामा व्हायला लागला. दिसेल ते ती कापायची, एकाच सकाळी परत परत उतरायची, कारण आत्ताच कापून आलो हे तिला आठवायचंच नाही. श्रीराम तिला खामगावच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. वयानं होतं, सांभाळा, असं त्यांनी सांगितलं. आता ते तरी दुसरं काय सांगणार! सांभाळायचं म्हणजे काय करायचं, हे मात्र कोणालाच कळत नव्हतं.

श्रीरामनं चाकू लपवून पाहिला. तो दिवस मी विसरणार नाही. तिनं घरातलं डबडं न् डबडं उलथंपालथं केलं, जेवली नाही, आणि दुपारी रिकाम्या हातानं परसात जाऊन चवळीचा वेल धरून ओढला. मुळासकट. फांदी तुटली म्हणून मला वेणीची आठवण करून देणारी बाई ती! मंदा धावत जाऊन चाकू घेऊन आली आणि तिच्या हातात दिला. मग श्रीरामनं दगडावर घासून धार बोथट केली. कौतिकामायनं अंगठा लावून पाहिला, मुलाकडे पाहिलं. ओट्याच्या पायरीवर बसून पाणी टाकून टाकून धार पुन्हा लावली. माणसांची नावं विसरली होती, धार लावायची विसरली नव्हती. मग एकदा तळहात कापून घेतला. हळद दाबून धरलेल्या मंदानं कुडापलीकडून माझ्याकडे पाहिलं. काढून घ्यावा तर माणूस वेडंपिसं होतं, ठेवावा तर हात कापून घेतं.  

आणि मग गेल्या दसऱ्याच्या आधीची ती सकाळ. मांडवावर एकच रोहिणखेडी वेल होता. आढ्याला जुना दोडका उरला नव्हता, त्यातलं सगळं बी मंदानं लावून टाकलं होतं, आणि त्यातला एवढा एकच वेल जगला होता. वेलावर चिंधीचा दोडका होता, कौतिकामायनंच शुद्धीच्या एका सकाळी बांधलेली हिरवी चिंधी. कट्ट आवाज झाला. मी तवा ठेवला. कुडावरून हात आला आणि त्या हातात तोच दोडका होता, चिंधीसकट. धड कोवळा नाही, धड वाळलेला नाही. "घे वं, भाजी कर मास्तराले." मी तो घेतला.  तेवढ्यात तिचीच नजर चिंधीवर गेली. क्षणभर तिचा चेहरा पूर्वीसारखा झाला, अगदी पूर्वीसारखा, आणि ती ओरडली, "हा कोनं कापला? माहा बियाचा दोडका कोनं कापला वं माय?"

चाकू तिच्याच हातात होता.  श्रीराम गोठ्यातून आला, चाकू पाहून जागीच थांबला. ती एकेकाच्या तोंडाकडे पाहत विचारत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. शेवटी मंदा पुढं आली. पदर डोक्यावर घेतला आणि खाली मान घालून म्हणाली, "म्या कापला, आत्याबाई. चिंधी दिसली नाही मले." कौतिकामाय तिच्याकडे पाहत राहिली. मारेल असं वाटलं मला. पण ती नुसती म्हणाली, "माह्या मायचं बी होतं ते, मंदे..." आणि मग वळून तिनं मिटलेला चाकू कुडावरून माझ्या हातात दिला. "तू ठेव हा. माह्या घरात आता भरोसा नाही राह्यला. माह्या घरच्या कोनाले देजो नको. माही शप्पथ हाय तुले."

ज्यासाठी ते घर इतके दिवस झुरत होतं, ते असं झालं. तिनं आपण होऊन चाकू सोडला, आणि तो चोरापासून वाचवायला. श्रीराम त्या दिवशी गोठ्याच्या भिंतीला टेकून ढसाढसा रडला. तो दोडका मी आढ्याला टांगला, वाळवला, फोडला. बी पांढरं आणि पोचट निघालं. तरी कुंडीत टाकून पाहिलं, राख घातली, पाणी घातलं. काही उगवलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून दव उडालं की कौतिकामाय कुडाशी येऊन उभी राहायची. एक हात कमरेला, चाचपडत. "मास्तरीण, माहा चाकू पाह्यला का वं?" कधी तिला आठवायचं, "तुह्यापाशी देला ना म्या? मंग दे." तिच्या मागं दारात मंदा उभी असायची, तळहातावर बोट ओढून दाखवायची, नका देऊ म्हणून. मी म्हणायची, "उद्या देते, माय." ती लगेच ऐकायची. "हाव, उद्या दे." आणि रिकामं टोपलं घेऊन परत जायची. याला फसवणूक म्हणायचं की सांभाळणं, मला अजून कळत नाही. थंडी सरेपर्यंत ती येत राहिली. परस वाळून गेलं होतं, कापायला काही उरलंच नव्हतं. तरी ती येत राहिली. बारशाला निघाले त्या सकाळीही मी तिला उद्याच म्हटलं होतं.

खामगावहून परत आले तेव्हा मंदा मला बिलगून रडली. "त्याईनं काही मांगितलं नाही, काकू. दोन दिवस पडून होत्या, नुसता हात कमरेले होता." मी डब्यातून चाकू काढून तिच्यापुढं धरला. ती मागं सरकली. "माह्या हाती कसा देता? त्याईनं शप्पथ घातली ना तुमाले. त्याईच्या मनात त म्याच दोडका कापला." मी म्हटलं, "अगं, पण तू कापला नाहीस." ती म्हणाली, "हाव. पन आता सांगाचं कोनाले?" चाकू मी पुन्हा डब्यात ठेवला. 

परवा सकाळी कुडावरच्या वालाला चार शेंगा दिसल्या. हातानं तोडवेना. आत जाऊन तोच चाकू आणला, शेंगा कापल्या, पातं पदराला पुसलं आणि सवय नसताना मिटवला. कट्ट. पलीकडे चुलीशी भाकरी थापणाऱ्या मंदाचा आवाज आला, "आत्याबाई, टोपलं आना इकडं!" मग थापणं थांबलं. मी कुडाच्या अलीकडे तशीच उभी, ती पलीकडे.  भाकर जळल्याचा वास आला, तरी तिनं ती उलटली नाही.

चाकू आता माझ्या फळीवर असतो, उघडाच. धार पुसून ठेवते, पण मिटवत नाही.