दांड्यावरचा हात

आबांसाठी बांधलेल्या मोटारीचा दुसरा गिअर पडावा म्हणून मी गिअरची पेटी पाच वेळा उघडली. पाच वेळा! आजही कुणी शहाणा "एकदा उघडून बघ की" म्हणाला की माझं डोकं फिरतं.

आबा म्हणजे माझे वडील. देवास संस्थानच्या थोरली-धाकटी अशा दोन पात्या, दोन गाद्या; त्यांपैकी एकीच्या मोटारखान्यात ते ड्रायव्हर होते. संस्थान विलीन झालं, मोटारखान्याला कुलूप लागलं आणि आबा घरी बसले. त्यानंतर दोनेक वर्षांनी बहिणीचं लग्न धारला झालं. तिचे सासरे तिकडच्या दरबारात वाढलेले, जिभेला हाड नसलेले. भर मांडवात म्हणाले, "आता कसली मोटार नि कसला ड्रायव्हर! आमचे व्याही तर नुसते ओट्यावर बसून असतात." पाठवणीच्या वेळी आबांनी बहिणीला सांगितलं, "भाऊबीजेला तुझ्या दारात मोटार आणीन. आणि चालवीन मी."

बोलले ते, निस्तरायचं मी. मी स्टँडजवळ बसगाड्या दुरुस्त करायचो. लष्करानं मोडीत काढलेली एक मोटारसायकल मिळाली. तिचं इंजिन आणि पेटी बाकाच्या मागं बसवली, चार चाकं लावली, वर पत्रा ठोकला. मोटारसायकलचा गिअर पायानं पडतो. मी पायाच्या जागी लांब सळई जोडली आणि तिच्या टोकाला हाताचा दांडा दिला. दांडा बाकाच्या उजव्या अंगाला ठेवला, कारण आबा ज्या जुन्या मोटारींवर शिकले, त्यांचा तिथंच असे.

दसऱ्यानंतर पहिल्यांदा मोटार बाहेर काढली. टेकडीच्या रस्त्याला मी चालवली तर चारही गिअर एकामागून एक पडले. मग आबा बसले. पहिला पडला. दुसऱ्याला दांडा ओढला तर मेल्यासारखा नुसताच हलला. इंजिन बोंबलत राहिलं आणि मोटार बैलगाडीच्या चालीनं पुढं.

पेटी उघडली. आत सगळं जिथल्या तिथं. बंद केली, मी चालवली, ठीक. आबा बसले, पुन्हा तेच. क्लचची तार आवळली. तेल बदललं. सळई वाकत असेल म्हणून जाडी सळई घातली. मग मला वाटलं, हा आबांच्या वजनाचा प्रताप. ते बसले की सांगाडा दबतो आणि सळईची लांबी चुकते. बाकाखाली लोखंडी पट्ट्या ठोकल्या. आबा मुकाट्यानं बाकावर बसून दाखवत होते. दुसरा गिअर पडला नाही.

समोरचा लोहार रोज विचारायचा, "कईं भिया, आज फिर पेटी खोली?" त्याच्या ऐरणीवर त्याचंच डोकं ठेवावं असं मला वाटायचं. भाऊबीज पाच दिवसांवर आली होती आणि आबांनी धारला पत्र टाकून ठेवलं होतं, की येतोय.

पाचव्यांदा पेटी बसवल्यावर मी सांगाड्याखाली विटा लावून चाकं अधांतरी केली, आबांना वर बसवलं आणि स्वतः खाली झोपलो. म्हटलं, बघूच काय होतं ते. "पहिला टाका." पेटीवरचा खटका मागं सरकला, गिअर पडला. पण खटका परत मधे आला नाही. मोटारसायकलच्या पेटीचा हा धर्मच असतो. दर गिअरनंतर खटका मधे परतला तरच पुढचा पडतो. तो का परतत नाही? मान वर करून बघितलं तर आबांचा हात दांड्यावर. अलगद, पण घट्ट. सोडतच नव्हते.

तीस वर्षांची सवय ती. मोटारखान्यात शिकवणच अशी होती की गिअर लोण्यातून सुरी ओढावी तसा ओढायचा आणि हात तिथंच ठेवायचा, म्हणजे दांडा निसटून मागं बसलेल्या सरकारांना धक्का बसणार नाही. आबांचा सगळा अभिमान त्या हातात होता. मला हे ठाऊक होतं. आणि ठाऊक असूनही मी तेल गळत्या तोंडानं खालून बाहेर आलो आणि ओरडलो, "पेटीला काही झालेलं नाही! तुमचा हात खराब आहे! नाचता येईना, अंगण वाकडं!"

लोहाराचा घण थांबला. आबांनी दांड्यावरून हात काढला, मांडीवर ठेवला आणि त्याच्याकडे बघत बसले. मग उतरून घरात गेले. मला लाज वाटली, पण रागही गेला नव्हता, म्हणून मी तसाच उभा राहिलो.

दोन दिवस ते मोटारीकडे फिरकले नाहीत. मनात मी ठरवूनही टाकलं, की मोटार मीच चालवायची. तिसऱ्या दिवशी सकाळी बाहेर आलो तर आबा बंद मोटारीत एकटेच बसलेले. दांडा ओढत, हात सोडत, आणि सुटलेला हात लगेच पुन्हा दांड्याकडे जाई. पुन्हा ओढत. पुन्हा तेच. मला बघवेना. मी आत वळणार तेवढ्यात त्यांनी दांडा ओढला आणि तोच हात सरळ कपाळाला नेला. मुजरा. पुन्हा ओढला, पुन्हा मुजरा. या वेळी हात दांड्याकडे गेला नाही. त्याला दुसरी जागा सापडली होती.

"चालू कर," ते म्हणाले.

पहिल्यापासून चौथ्यापर्यंत तीन वेळा गिअर बदलतो, आणि मुजराही तीनदाच करतात. टेकडीच्या रस्त्याला सगळे गिअर पडले. मी बाजूला बसून होतो. शाबास म्हणायला तोंड उघडलं, पण म्हणालो, "क्लच पुरता दाबा." आधी माफी मागायला हवी होती. ती जिभेवर येईना.

भाऊबीजेला आम्ही इंदूरवरून धारला निघालो. वाटेत आबा गिअर बदलत आणि लोकांना वाटे म्हातारा आपल्यालाच मुजरा करतोय. गाडीवान कासरा सोडून हात जोडत. एक पोलीस तर ताठ उभा राहिला. मी शरमेनं बाहेर बघत होतो. आबांना कशाचंच काही नव्हतं.

बहिणीच्या दारी व्याही ओट्यावरच बसले होते. आबांनी चौथ्यावरून तिसरा टाकला, मुजरा. दुसरा, मुजरा. पहिला, मुजरा. व्याही गडबडून उठले आणि सवयीनं वाकून त्यांनीही तीनदा मुजरा केला. बहीण दारात धावत आली आणि हसता हसता रडायला लागली.

"मोटार झकास आहे हो," व्याही म्हणाले.

"मोटार उत्तमच आहे, पोरानं बांधलीय," आबा म्हणाले. "हात जरा खराब आहे. शिकतोय."

मी खाली उतरून चाकाला दगड लावायला वाकलो. एका दगडानं भागलं असतं. मी मान वर न करता चारही चाकांना लावले.