कावळे सोडून सगळे पक्षी

विश्रामबागेतले सगळे कावळे मला चेहऱ्याने ओळखतात.

हे मी अभिमानाने सांगत नाही. निवृत्त प्राध्यापकाला चार लोकांनी ओळखावं अशी इच्छा असतेच. पण माझे जुने विद्यार्थी मला लांबून बघितलं की जवळच्या दुकानात शिरतात. (एकदा एक जण गडबडीत लेडीज टेलरकडे शिरला होता.) कावळे मात्र तारेवरून उठून माझ्या स्वागताला येतात. थेट डोक्यावर!

याचं मूळ शालनच्या एका वाक्यात आहे. शालन म्हणजे माझी बायको. ती गेली त्याच्या आधी काही दिवस, दवाखान्यात पडल्या पडल्या मला म्हणाली, "माझ्या पाखरांचं तेवढं बघा." मी "हो" म्हणालो आणि पुढे काही विचारलं नाही. मी जन्मभर पुस्तकांत डोकं घातलेला माणूस. तळटीप नसलेलं वाक्य मला कधी नीट कळलेलं नाही.

दहावं झालं. (कृष्णेच्या घाटावर मी हात मागे घ्यायच्या आत कावळ्याने घास उचलला होता. तेव्हा आमची ओळख नव्हती!) पाहुणे गेले, आणि रिकाम्या घरात ते वाक्य तेवढं उरलं. बागेत पाखरं यावीत अशी तिची इच्छा असणार, असा मी अर्थ लावला. तिच्यासाठी करण्यासारखं दुसरं काही हातात राहिलं नव्हतं, म्हणून हे एक काम तरी मन लावून करायचं ठरवलं.

मी पुस्तकं आणली. पक्ष्यांना दाणे घालायची भांडी, म्हणजे बर्ड फीडर, किती तऱ्हेची असतात, कुठल्या पक्ष्याला कुठलं आवडतं, सगळं वाचलं. मग काचेच्या नळीसारखा दिसणारा एक फीडर मागवला, त्यात बाजरी आणि राळे भरले, पेरूच्या फांदीला टांगला आणि खुर्ची टाकून बसलो. आठवडाभर कुणी आलं नाही. एक मुंगी आली, तीही वाट चुकून.

कंपाउंडच्या भिंतीवरून शेजारचे सुभेदार हे सगळं बघत होते. हे सातारा जिल्ह्यातले. सैन्यातून निवृत्त झाल्यापासून लढायला काही नसल्याने बेचैन असायचे.

"सर, ह्ये काय टांगलंय? सलाईन?"

"पक्ष्यांसाठी आहे."

"रेकी केली का आधी? पाणी कुठाय? पाण्याबिगर फौज एक मुक्काम करत न्हाई, पाखरू कशाला थांबंल?"

त्यांनी स्वतः मातीचं एक पसरट भांडं आणून भिंतीशी ठेवलं, त्यात पाणी ओतलं आणि मला न विचारता मोहिमेची सूत्रं हातात घेतली.

दुसरा फीडर लाकडी होता. उतरत्या छपराचा, अगदी बंगल्यासारखा. त्यात पारवे आले. आले म्हणजे राहायलाच आले! दुपारपर्यंत दाणे संपवायचे, मग छपरावर बसून घुमायचे आणि खाली वाळत घातलेल्या माझ्या सदऱ्यांवर अभिप्राय नोंदवायचे.

तिसरा फीडर लाल फुलाच्या आकाराचा. त्यात साखरेचं पाणी भरायचं, मग म्हणे इवलासा शिंजीर येऊन हवेतल्या हवेत तरंगत ते पितो. शिंजीर समोरच्या जास्वंदीवर बसून आमची मजा बघत राहिला. साखरेला आल्या मधमाश्या. "सर, मागं सरा, मी बघतो," असं म्हणून सुभेदार पुढे झाले आणि कानाला चावून घेऊन माघारी आले. चार दिवस त्यांचा डावा कान कढीतल्या भज्यासारखा फुगला होता. त्यांच्या पत्नीने, रत्नावहिनींनी, भिंतीपलीकडून हळद पाठवली आणि बरोबर निरोप, "दोघांस्नी पुरंल एवढी हाय. पुढचा नंबर सरांचाच."

चौथ्या वेळी मी साधेपणाकडे वळलो. नारळाची करवंटी, तीन दोऱ्या, आत दाणे. टांगून पाठ वळवली तोवर एक कावळा आला आणि करवंटीसकट सगळं घेऊन गेला.

सुभेदारांचे डोळे चमकले. "सर! दुश्मन सापडला!"

मलाही ते पटलं. माझ्या पुस्तकांतही कावळ्याबद्दल कुणी बरं बोललं नव्हतं. एका पुस्तकात तर एक आख्खं प्रकरण कावळ्यांना दूर ठेवण्यावर होतं. त्यातलाच उपाय म्हणून मी पाचवा फीडर आणला: दाण्यांची नळी, आणि तिच्याभोवती तारेचा पिंजरा. लहान पक्षी जाळीतून आत शिरतो, मोठा बाहेर राहतो. आणि काय सांगू, दुसऱ्याच दिवशी मुनिया आल्या! ठिपक्यांच्या पोटाच्या, सुपारीएवढ्या मुनिया! मी खिडकीत उभा राहून शालनच्या फोटोला म्हणालो, "बघ, आली तुझी पाखरं."

पण कावळे असे हार मानणारे नव्हते. ते पिंजऱ्यावर बसून झोका घ्यायचे, दाणे खाली सांडले की उतरून वेचायचे. झालं, युद्ध पेटलं. सुभेदारांनी डावपेच आखले आणि अंमलबजावणी माझ्याकडे दिली. रोज सकाळी मी एका हातात ताट आणि दुसऱ्या हातात उलथनं घेऊन बागेत धावायचो. ताट बडवायचो, "हाड्! हाड्!" ओरडायचो. आयुष्यात वर्गातल्या पोरांवर आवाज न चढवलेला मी, कावळ्यांवर कसर भरून काढत होतो!

सुभेदार भिंतीआडून हुकूम सोडायचे. "सर, डावीकडून! कव्हर घ्या!"

त्यांनी कव्हर घेतलेलं असायचं. मी उघड्यावर. त्यामुळे कावळ्यांनी नीट लक्षात ठेवला तो माझा चेहरा. मी दूध आणायला निघालो की एक कावळा ओरडायचा, पुढच्या गल्लीतला त्याला उत्तर द्यायचा, आणि डेअरीपर्यंत पोचेस्तोवर माझ्या डोक्यावर दोन टोले बसलेले असायचे. शेवटी मी पेपर उचलायलासुद्धा हेल्मेट घालून फाटकाशी जाऊ लागलो. पेपरवाला एकदा म्हणाला, "सर, गाडी कुठाय?"

पण पावसाळा सरेपर्यंत आम्ही जिंकलो. कावळ्यांनी माझ्या अंगणात उतरणं सोडलं. मुनिया, चिमण्या, एक बुलबुलाची जोडी, सगळे सुखाने नांदू लागले. सुभेदारांनी विजय जाहीर केला. मीही मनात म्हटलं, आयुष्यात बायकोचं एक तरी म्हणणं आपण शेवटपर्यंत नेलं.

आणि मग शालनचं वर्षश्राद्ध आलं.

कुंडलहून माझी थोरली बहीण, आक्का, जीप भरून माणसं घेऊन आली. पुण्याहून मुलगा विकास आला. स्वयंपाक झाला: वरणभात, वडे, खीर, अळूची भाजी. आक्काने एक पान वाढलं, कंपाउंडच्या भिंतीवर ठेवलं आणि सगळे हात जोडून उभे राहिलो. आता कावळा यायचा, घास शिवायचा आणि मग आम्ही जेवायला बसायचं.

एक मुनिया आली. वड्याकडे बघून गेली.

"कावळं कुठं हायत रं?" आक्काने विचारलं.

कावळे होते. विजेच्या तारेवर ओळीने बसले होते. सुभेदारांच्या पाण्याच्या टाकीवरही होते. सगळे आमच्याकडेच बघत होते. खरं सांगायचं तर माझ्याकडे. मी टोपी पुढे ओढली.

ऊन चढलं. पोरं रडायला लागली. आमच्या चुलतभावाला साखरेचा आजार. तो भिंतीला टेकून खाली बसला आणि पानावरच्या खिरीकडे असा बघू लागला की आता हाच शिवतो की काय!

"शालनचं मन कशात तरी अडकलंय," आक्काने निदान केलं. "बाळू, हात जोड. शबूद दे तिला."

"कसला शब्द?"

"म्हण, आक्काला दर महिन्याला भेटायला कुंडलला येईन."

"ही शालनची इच्छा होती?"

"तू म्हण आधी!"

मी म्हणालो. कावळा हलला नाही. मग सगळ्यांनाच शालनच्या इच्छा आठवू लागल्या. विकास म्हणाला, "बाबा, ती जुनी स्कूटर विकतो म्हणा. आईला कधीच आवडली नव्हती." म्हणालो. चुलतभाऊ खालूनच म्हणाला, "माझ्या पोराला इतिहासाची शिकवणी दे." दिली. सुभेदार भिंतीपलीकडून म्हणाले, "सर रोज पहाटे माझ्यासंगं दौडायला येतील, म्हणा." तेही म्हणालो! पुस्तकं रद्दीत घालण्याचं वचन माझ्याकडून कुणी घेतलं ते गर्दीत कळलं नाही, पण ते मात्र मी पुटपुटत, ऐकू न जाईल असं दिलं. कावळे ढिम्म.

मी हसत होतो, पण नजर पुन्हा पुन्हा तारेकडे जात होती. माझा या गोष्टींवर विश्वास नाही, हे मी वर्गात अनेकदा सांगितलेलं आहे. पण ते सांगताना पान दुसऱ्याच्या घरचं होतं. इथे वर्षभर मी एकच काम केलं होतं, आणि तेही तिला रुचलं नसेल तर मग मी काय ऐकलं होतं तिचं? आयुष्यभर?

तेवढ्यात रत्नावहिनी पदराने घाम पुसत भिंतीशी आल्या.

"आवं सर, कावळं येतील कसं? तुमी वर्सभर ताट बडवून हाकललं की त्यांस्नी. आन् शालनबाई तर रोज पहाटं मागल्या दारी त्यांस्नीच चपाती घालायच्या."

"कुणाला?" मी विचारलं.

"कावळ्यांस्नी! 'माझी पाखरं' म्हणायच्या. तुमी झोपल्यालं असायचा."

आक्का माझ्याकडे बघत होती, विकास माझ्याकडे बघत होता, आणि कावळे तर बघतच होते.

सुभेदार उसळले, "मग वर्सभर सांगितलं का न्हाईस?"

"तुमी इचारलं कवा? तुमचा दोघांचा अभ्यास चालला हुता न्हवं पाखरांचा! मदी बोललं की म्हणायचा, तुला काय कळतंय. मग म्हणलं, न्हाई कळत."

आक्का कपाळावर हात मारून म्हणाली, "बाळ्या, तिनं जाताना एक काम सांगितलं, आन् तू त्येच्या उलटं केलंस व्हय रं!"

"आता काय करायचं?" मी विचारलं.

उपाय वहिनींनीच काढला. शालन बारा महिने पहाटे तिचा गुलाबी स्वेटर घालायची आणि डोक्याला स्कार्फ बांधायची. कावळे तुमच्या तोंडावर चिडलेत ना, मग ते तोंड झाका! विकासने कपाटातून स्वेटर आणला. तो माझ्या पोटावर येऊन अडला. दोघांनी ओढून बसवला. आक्काने स्कार्फ हनुवटीखाली असा आवळला की वचन द्यायलासुद्धा तोंड उघडेना. जीपमधून आलेली मंडळी एकमेकांच्या पाठीमागे तोंड लपवून हसत होती. वर्षश्राद्धाच्या दिवशी!

"त्या हाक मारायच्या, 'या गं बायांनो' अशी," वहिनी म्हणाल्या.

मी गुलाबी स्वेटरात भिंतीशी उभा राहिलो आणि म्हणालो, "या गं बायांनो."

"मोठ्यानं!" सुभेदारांचा हुकूम.

"या गं बायांनो!"

स्वेटराला अजून तिच्या खोबरेल तेलाचा वास होता. पुढचं कुणी सांगितलं नाही, ते आपोआप तोंडातून निघालं. "शालन, चुकलं माझं. तो पिंजरा काढतो. उद्यापासून चपाती मी घालतो."

"कुणी केल्याली?" मागून आक्का.

"मी."

"सोता लाटून?"

"स्वतः लाटून!"

तारेवरून एक कावळा सुटला, भिंतीवर उतरला, मान तिरकी करून स्कार्फच्या आत कोण आहे ते बघितलं, आणि वडा उचलला.

"शिवला!" आक्का ओरडली. "चपातीवरच अडलं हुतं बघ!" टाळ्या पडल्या. चुलतभाऊ कुणीही म्हणायच्या आत पानावर जाऊन बसला. एका घरच्या वर्षश्राद्धाला लोक इतके खुशीत जेवल्याचं मी तरी बघितलेलं नाही.

घास शिवला तो चपातीच्या शब्दावर, तेव्हा बाकीची वचनं रद्द झाली असा माझा युक्तिवाद आहे. आक्काला तो मान्य नाही. सुभेदारांनाही नाही, ते पहाटे फाटकाशी शिट्टी वाजवतात. दौडून आलो की मी कणीक मळतो, एक चपाती लाटतो (तिचा आकार कर्नाटकच्या नकाशाच्या जवळपास जातो), स्वेटर चढवतो आणि मागल्या दारी उभा राहतो. कावळे येतात. हेल्मेट आता फक्त स्कूटरवर लागतं.

फक्त एक गोष्ट आहे. कावळा माझ्या चपातीचा तुकडा उचलतो, चोचीत तोलून बघतो, सुभेदारांनी ठेवलेल्या त्या पाण्याच्या भांड्याशी नेतो, आत बुडवतो आणि भिजेपर्यंत शेजारी बसून राहतो. वहिनी म्हणतात, बाईंची चपाती तो जागेवर खायचा.

मीही जागेवरच खायचो. इतकी वर्षं तिच्या चपात्या खाल्ल्या, त्या किती मऊ असायच्या हे तिला सांगायचं मात्र राहून गेलं. आता एक कावळा ते मला रोज सकाळी सांगतो, आणि तुकडा भिजेपर्यंत ऐकत उभं राहावं लागतं. वेळ लागतो. माझी चपाती आहे ती!