वन्संची रोझी

दुपारची जेवणं आटपली आहेत. मागच्या पडवीत चटई टाकून मी आडवी होते. डोळ्यांवर पदर ओढते, तरी ऊन त्यातून लालसर दिसत राहतं. परसात पत्र्याखाली बांधलेली रोझी माश्या वारते आहे, पाय आपटते आहे. संध्याकाळी महाबळेश्वरचा घोडेवाला तिला न्यायला येणार आहे. सगळं ठरलं आहे.

रोझी माझ्या थोरल्या नणंदेची, वत्सलावन्संची. वन्सं पाचगणीच्या एका शाळेत पी.टी.च्या बाई होत्या. रिटायर झाल्या त्या वर्षी त्यांनी टेबललँडवरची एक पांढरी घोडी विकत घेतली. पर्यटकांना फिरवून फिरवून ती थकून गेली होती. तिला घेऊन त्या खाली आमच्या गावी राहायला आल्या, आणि आता हिच्या पाठीवर कुणी बसायचं नाही, असं घरादाराला बजावलं. स्वतःही कधी बसल्या नाहीत. मग घोडी घेतलीस कशाला, असं ह्यांनी विचारलं की नुसत्या हसायच्या.

चैत्रात वन्सं झोपेतच गेल्या. तेव्हापासून रोझीचं वैरणपाणी मी बघते, पण हात लांब करून. तिच्या दातांची मला भीती वाटते. तीही माझ्याकडे बघत नाही. अशी घोडी ठेवून करायचं काय, असं हे विचारतात, आणि काल मी द्यायला हो म्हटलं.

पाय आपटल्याचा आवाज जवळ येतो. मग फरशीवर येतो.

“प्रमिला, सरक जरा,” वन्सं म्हणतात.

मी सरकते. वन्सं मांडी घालून चटईवर बसतात. पाठोपाठ रोझीही पडवीत आली आहे, आणि पडवीचं छप्पर तिला पुरेल एवढं वर गेलं आहे. वन्सं गेल्या आहेत, हे मला ठाऊक आहे. त्यांनाही ठाऊक आहे. आम्हा दोघींना त्याचं काही वाटत नाही. मी चहा टाकायला उठते. त्या म्हणतात, राहू दे, तुझा चहा नेहमी पांचट होतो. मला इतका आनंद होतो की डोळ्यांत पाणी येतं. सात-आठ महिन्यांत माझ्या चहाला कुणी नावं ठेवलेली नाहीत.

स्वयंपाकघराचं दार उघडते तर बाहेर टेबललँड आहे. ओट्याला लागूनच गवत सुरू होतं, गुडघाभर, हिरवंगार. एकही पर्यटक नाही, भेळेची गाडी नाही. रोझीच्या गळ्यात दावं नाही म्हणून मी घाबरून दावं शोधू लागते. वन्सं सांगतात की आज लागणार नाही. त्या दोन्ही हात मागे बांधून चालू लागतात आणि रोझी त्यांच्या मागून जाते. वन्सं थांबल्या की थांबते. वळल्या की वळते. मग गुडघेदुखीनं जिना चढता न येणाऱ्या माझ्या वन्सं चक्क पळायला लागतात. रोझी शेपूट उंच करून त्यांच्याभोवती गोल धावते, मागचे पाय हवेत झाडते, मोठ्यानं पादते. आम्ही दोघी पोट धरून हसत गवतात बसतो.

“इथं खाजव,” वन्सं म्हणतात. अयाळ संपते त्या उंचवट्यावर त्या माझा हात धरून ठेवतात. माझ्या बोटांखाली कातडी थरथरते. रोझीचा वरचा ओठ लांब होत होत पुढे येतो, डोळे अर्धे मिटतात. न्हाव्याकडे डोक्याला मालीश करून घेताना ह्यांचं तोंड अगदी असंच होतं. मी तसं म्हणते. वन्संना आपल्या भावाचं ते तोंड लहानपणापासून माहीत आहे. त्यांचं हसू थांबतच नाही.

आता आम्ही वाईच्या स्टँडवर बसलो आहोत. फलाटावर ऊन आहे. रोझी पाय दुमडून मधोमध बसली आहे आणि माणसं पिशव्या सावरत तिला वळसा घालून जातात. वन्सं तिच्या पोटाला टेकल्या आहेत. मीही टेकते, कान लावते. आत, टाकीत पाणी चढावं तशी गुडगुड चालली आहे. पुष्कळ वेळ आम्ही नुसतं तेच ऐकतो. कुठलीही गाडी लागत नाही, आणि आम्हाला कुठं जायचंही नाही.

शेवटी मी त्यांना घोडेवाल्याचं सांगते. वन्सं रागावत नाहीत.

“मला हिचं काय करायचं ते कळत नाही, वन्सं.”

“काही करायचं नाही गं. जवळ बसायचं. आजवर प्रत्येकानं हिच्याकडून काहीतरी करूनच घेतलंय.”

“आणि तुम्ही? तुम्ही काय करत होता रोज तिच्यापाशी?”

“मी? मजा.”

एवढं बोलून वन्सं डोळे मिटतात आणि बघता बघता घोरू लागतात, पूर्वी जेवणानंतर घोरायच्या तशाच. रोझी मान वळवते, ती त्यांच्या डोक्यावरून पुढे आणते आणि हनुवटी माझ्या खांद्यावर ठेवते. केवढी जड आहे. तिचे दात माझ्या कानाशी आहेत, आणि मी हलत नाही. वन्संची झोप मोडायला नको.

जीपचा हॉर्न वाजतो.

मी पडवीत उठून बसते. परसात हे आणि घोडेवाला उभे आहेत. घोडेवाल्याच्या हातात नवा लगाम आहे. मी तशीच उठून जाते आणि सांगते की घोडी द्यायची नाही. हे चकित होऊन बघत राहतात. काल तर हो म्हणालीस, असं म्हणतात. घोडेवाला मात्र समजुतीनं विचारतो, “बसता का ताई तुम्ही तिच्यावर?”

“नाही.”

“मग काय करणार?”

“चहा घेऊन जा,” मी म्हणते. “पांचट होतो माझा, पण घेऊन जा.”

हे पुढे येतात. माझ्या खांद्याकडे बघतात.

“हे काय लागलंय तुला?”

मी हात लावते. ब्लाउजवर तळहाताएवढा हिरवा, चिकट डाग आहे. चघळलेल्या गवताचा. पत्र्याखाली रोझी बांधलेलीच आहे आणि तिच्या पुढ्यात सुका कडबा पडलेला आहे. डाग अजून कोमट आहे.