मामांचा डावा हात

हे बायकोलाही ठाऊक नाही. तिला वाटतं, माझ्या पोटात काही राहत नाही — हे एवढं मात्र राहिलं, वीस वर्षांच्या वर.

कळंबला माझं गॅरेज होतं. मोटरसायकलचा पुढचा चिमटा, म्हणजे फोर्क, जोडताना एक रीत असते. चाकाचा आस घालायचा, पण नट लगेच आवळायचे नाहीत. पुढचा ब्रेक दाबून हँडल चार-पाच वेळा खाली रेटायचं, म्हणजे चिमट्याचे दोन्ही पाय आपापल्या जागी बसतात. मग आवळायचे. पाच मिनिटांचं काम. गणपतमामांच्या गाडीला ते मी केलं नाही. का? बैलगाड्यांची शर्यत होती आणि मला पहिली बारी चुकवायची नव्हती. इतकंच.

मामा अवसरीचे. आदल्या वर्षी त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं होतं. हात हळूहळू परत आला होता. मुलगी तिकडे डोंगरात, आहुप्याला शाळेत शिकवायची — एकटी. दर रविवारी मामा डबा घेऊन गाडीवर तिच्याकडे जायचे.

दुसऱ्या दिवशी ते आले. "भाऊ, गाडी डावीकडं वढती."

ऐकताक्षणी मला कळलं काय राहिलंय ते. पण गॅरेजवर चार माणसं बसलेली. माझ्या हातची गाडी वाकडी धावत नाही, असं त्यांच्यासमोर मी रोज छाती फुगवून सांगायचो. आणि मग — माझी जीभ कशी वळली?

"गाडी नीट हाय, मामा. तुमचाच हात अजून धरत नसंल."

मामांनी डाव्या हाताची मूठ मिटली, उघडली, पुन्हा मिटली.

महिन्याभरात त्यांनी गाडी विकली. नव्या मालकाने ती माझ्याकडेच आणली. मी नट सैल केले, हँडल रेटलं, नट पुन्हा आवळले. गाडी सरळ धावली. तेव्हा तरी मामांकडे जायला काय झालं होतं? अवसरी किती लांब? मी गेलो नाही. लाज वाटली, आणि लाजेपेक्षा नाव जाईल याची भीती जास्त होती.

पुढे एकदा मामा मंचरच्या स्टँडवर भेटले, आहुप्याच्या एसटीची वाट बघत. म्हणाले, "गाडी गेल्यापासून पोरीकडं वर्सातनं दोनदाच जाणं व्हतं." मी खाली बघत राहिलो. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला — डावाच.

"तू येळंवर सांगितलंस ते लई बरं केलंस भाऊ. न्हाईतर डोंगरात कुठं पडलो असतो."

खांद्यावरची पकड चांगली घट्ट होती. मी मान हलवली, आणि एसटी आल्यावर त्यांची पिशवी आत ठेवून दिली.